आधी पाइप, मग डाय, मग मशिन

सकाळी साडेसात

भोसरी एमआयडीसीतला आमचा गाळा. शटर वर गेलं की समोरच पोलो उभी आहे. सीट काढलेल्या, डॅशबोर्ड काढलेला, कार्पेट आणि त्याखालचं अस्तर खरवडून पत्रा उघडा केलेला. गाडी तयार झाली इथून जवळच, चाकणला. काही वर्षं साध्या घरात साध्या कामाला धावली, आणि आता तिला रॅलीत उतरायचंय. त्यासाठी आतून पोलादी पाइपांचा पिंजरा बसवायचा, म्हणजे रोल केज. गाडी उलटो, झाडावर आदळो, उतारावरून गडगडो, आत बसलेल्या दोघांभोवतीची जागा तेवढीच राहिली पाहिजे. पिंजऱ्याचं काम एवढंच.

आज मेन हूप वाकवून गाडीत उभा करून बघायचा आहे. ड्रायव्हरच्या सीटमागे या खांबापासून त्या खांबापर्यंत जाणारी ती मोठी कमान. आणि संध्याकाळपर्यंत नव्या बेंडिंग मशिनचा निर्णय घ्यायचा आहे. कोटेशनं टेबलावर येऊन पडलीत. एक बाजारातल्या हायड्रॉलिक पाइप बेंडरचं, एक इथल्याच मशिन बनवणाऱ्याचं, एक अमेरिकेहून मागवायच्या मशिनचं, आणि एका बंद पडलेल्या युनिटमधल्या जुन्या सीएनसी मँड्रेल बेंडरची ऑफर. चौघांच्याही कागदावर पहिल्या ओळीत टन लिहिलेत. आठ टन, दहा टन, सोळा टन, वीस टन. मला हवी ती माहिती एकाच्याही पहिल्या पानावर नाही.

आठ

मामांनी पाइप खाली घेतला. मामा म्हणजे आमचे फोरमन. वय साठीकडे झुकलेलं, आणि पाइप हातात घेऊन फिरवला की तो सरळ आहे की नाही ते सांगतात. तरी व्हर्नियर लावायचाच, हा त्यांचाच नियम.

“ताई, ४५.० इकडे. इकडे ४५.१. भिंत अडीच.”

सीडीएस पाइप, कोल्ड ड्रॉन सीमलेस. मुंबईहून सर्टिफिकेटसकट आणलेला, टोकाला हीट नंबर. एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या अपेंडिक्स जे या नियमावलीतलं कलम २५३ या बाबतीत सरळ आहे. मेन हूपसाठी ४५ मिमी बाहेरच्या व्यासाचा आणि २.५ मिमी भिंतीचा, किंवा ५० मिमीचा आणि २ मिमी भिंतीचा पाइप. बाकीच्या बहुतेक भागांसाठी ३८ गुणिले २.५ किंवा ४० गुणिले २. पोलाद साधं कार्बनचं, कार्बन ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी. जोडाचा पाइप नाही, सीमलेसच.

मशिन घेणाऱ्याची पहिली फसगत इथंच होते. आपल्या बाजारात पाइप म्हटलं की एनबी, म्हणजे नॉमिनल बोअर. सव्वा इंची, दीड इंची. पाणी, गॅस आणि ग्रीलचा सगळा धंदा त्यावर चालतो. सव्वा इंची एनबी पाइप बाहेरून मोजला तर ४२ मिमीच्या थोडा वर भरतो आणि दीड इंची ४८ च्या वर. मधला ४५ तिथं नाहीच. म्हणजे हायड्रॉलिक पाइप बेंडरबरोबर फुकट मिळणारा सहा-सात डायांचा सेट केजसाठी एकजात निरुपयोगी. ४५ चा पाइप ४८ च्या खाचेत घातला की तो दोन्ही बाजूंना सैल बसतो, आणि दाब आला की त्या मोकळ्या जागेत पसरून चपटा होतो. ४२ च्या खाचेत तर बसतच नाही.

अमेरिकन मशिनची गोष्ट वेगळी, पण तिथंही डोळे उघडे ठेवावे लागतात. जेडी स्क्वेअर्डचं मॉडेल ३ किंवा रोग फॅब्रिकेशनचं एम६०० ही तिकडच्या रेसिंग गॅरेजमधली ओळखीची मशिनं. त्यांच्या डाया पाइपच्या बाहेरच्या व्यासाच्याच असतात, मात्र इंचात. दीड इंच म्हणजे ३८.१ मिमी, तिथं आपला ३८ चा पाइप चपखल बसतो. पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५. त्यात आपला ४५ चा पाइप अडकतो. एफआयएच्या तक्त्यात ४५ च्या शेजारी पावणेदोन इंच लिहिलेलं आहे, नियमाला दोन्ही चालतात. डाय मात्र नियम वाचत नाही. पाइप मिलिमीटरचा असेल तर डाय मिलिमीटरचीच हवी.

वहीत पहिली ओळ: ४५, ३८, आणि कॉलेजच्या मुलांच्या चौकटींसाठी २५.४. मशिनचं नाव अजून नाही.

साडेनऊ

खुणा करायची वेळ. हूप एका अखंड पाइपचा असावा लागतो, मध्ये जोड चालत नाही. आमच्या हूपला चार बाक आहेत, वर छताच्या कोपऱ्यांत दोन आणि खाली खिडकीच्या रेषेला दोन हलके. चौथा बाक चुकला तर आधीचे तीन भंगारात. म्हणून पाइपवर खडू लागण्याआधी कागदावर सगळा हिशेब होतो.

हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. आमच्या डायची मध्यरेषेवरची त्रिज्या १४० मिमी. काटकोनाचा बाक असेल तर कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना १४०-१४० मिळून २८० मिमी धरलेले असतात, पण पाइप कोपऱ्यात न जाता कमानीवरून जातो आणि ती कमान भरते साधारण २२०. म्हणजे प्रत्येक काटकोनामागे ६० मिमी पाइप वाचतो. ते वजा केलं नाही तर हूप तेवढा रुंद होतो आणि गाडीत शिरतच नाही. त्रिज्या १३५ असती तर हाच आकडा ५८ आला असता. त्यामुळे डाय बदलली की आख्खा खुणांचा तक्ता बदलतो, आणि डाय बनवणाऱ्यानं सांगितलेली त्रिज्या खरी आहे की नाही हे आधी एक तुकडा वाकवून मोजावंच लागतं.

मी तर कोटेशन देणाऱ्याला हे सर्वात आधी विचारते: त्रिज्या आतल्या कडेची सांगताय की मध्यरेषेची? आतल्या कडेची असेल तर आकडा साडेबावीस मिमीनं फिरला. एफआयएची अट मध्यरेषेवर आहे: त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट. ४५ ला १३५, ५० ला १५०, ३८ ला ११४. यापेक्षा घट्ट बाक स्क्रूटिनीत अडतो, आणि अडायलाच हवा. त्रिज्या तिप्पट असताना बाहेरची कड हिशेबानं १७ टक्क्यांच्या आसपास ताणली जाते आणि आतली तेवढीच दबते. त्रिज्या दुप्पटच ठेवली तर ताण २५ टक्क्यांवर जातो. बाहेरची भिंत पातळ होते, आत सुरकुत्या पडतात, आणि जिथं सर्वात जास्त जोर येणार तिथंच पाइप आधीच थकलेला असतो.

मग सुरक्षित म्हणून मोठी त्रिज्या का घेऊ नये? घ्यावी, पण त्याची किंमत डोक्याजवळच्या जागेत मोजावी लागते. १३५ ऐवजी १८० ची डाय घेतली तर छताच्या कोपऱ्यातला पाइप सुमारे १९ मिमी आत येतो. हॅचबॅकमध्ये हेल्मेट आणि पाइप यांच्यामधले १९ मिमी फार मोठे आहेत. गॅस कटरनं कापून परत मिळत नाहीत. म्हणून डाय तिपटीच्या जरा वर, फार वर नाही.

अकरा

बाकाला सुरुवात. आमचं आत्ताचं मशिन हाताचं, रोटरी ड्रॉ पद्धतीचं. गोल डाय मध्ये, पाइपचं टोक तिला क्लॅम्पनं पकडलेलं, शेजारी फॉलोअर ब्लॉक. डाय फिरते आणि पाइपला स्वतःभोवती ओढून घेते. फॉलोअर बाहेरून टेकू देत राहतो, त्यामुळे पाइप चारही बाजूंनी खाचेत बंद असतो. पळायला जागाच नसते. फॉलोअरवर ग्रीस, डायच्या खाचेत अजिबात नाही, तिथं पकड हवी.

बाजारातला हायड्रॉलिक पाइप बेंडर याच्या उलट चालतो. दोन रोलरांवर पाइप टेकवायचा आणि मधून जॅकनं डाय रेटायची. गुडघ्यावर ऊस मोडावा तसं. जाड भिंतीच्या पाण्याच्या पाइपला ते सोसतं. २.५ मिमी भिंतीचा पाइप बाकाच्या मधोमध खचतो आणि दोन्ही रोलरांपाशी दबल्याच्या खुणा राहतात. त्या मशिनवर वीस टन लिहिलेलं असो की पन्नास, ते वाकवायच्या पद्धतीचंच वैगुण्य आहे. टनानं ते जात नाही. ते कोटेशन मी घडी घालून बाजूला ठेवलं.

दांड्याला दोघं लागले, मामा आणि एक तरुण हेल्पर. अंश दाखवणारी चकती डायवर आहे, तिच्यावर मी नजर ठेवून.

“साठ... सत्तर... सावकाश... पंच्याहत्तर. अजून तीन.”

पाइप सोडला की तो थोडा परत फिरतो. पंच्याहत्तर हवे असतील तर अठ्ठ्याहत्तरपर्यंत न्यावं लागतं. किती, ते पाइपच्या भिंतीवर, पोलादाच्या जातीवर आणि त्रिज्येवर ठरतं, म्हणून प्रत्येक लॉटचा एक तुकडा आधी वाकवून तो आकडा वहीत घेतो. क्रोमोलीचा, म्हणजे ४१३० चा पाइप आणखी जास्त परत येतो.

इथंच आमच्या हाताच्या मशिनची अडचण दिसते. ४५ गुणिले २.५ चा पाइप वाकवायला, पोलाद ताणताना आणखी कडक होतं हे धरून, दोन हजार न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. दांडा दोन मीटरचा धरला तरी टोकाला शंभर किलोचा जोर झाला, आणि घर्षण वेगळंच. दोन माणसं तो लावतात, पण एकसारखा लावत नाहीत. थांबतात, श्वास घेतात, पुन्हा रेटतात. प्रत्येक थांब्याला फॉलोअर किंचित हलतो. अठ्ठ्याहत्तरवर थांबायचं असताना एकोणऐंशीला थांबतात. वरच्या एका कोपऱ्यात एक अंश जास्त झाला की मीटरभर खालच्या टोकाला १७ मिमीचा फरक पडतो. मामांचा हात आहे म्हणून निभावतंय. मामा निवृत्त झाल्यावरही हूप तसाच यायला हवा, म्हणून हायड्रॉलिक.

तिसऱ्या बाकाआधी पाइप फिरवायचा. फिरवल्यावर आधीचे बाक आणि पुढचा बाक एकाच पातळीत आले पाहिजेत, नाहीतर हूपला पीळ बसतो. डिजिटल अँगल गेज पाइपवर चुंबकानं चिकटवलेलं आहे. शून्य झालं की क्लॅम्प. हे बघताना नव्या मशिनची आणखी एक गोष्ट वहीत गेली. डाय आडवी फिरणार असेल तर सहा मीटरचा पाइप गाळ्यात झाडूसारखा फिरतो, मागं भिंत आणि पुढं लेथ आडवा येतो. डाय उभी फिरणार असेल तर पाइप वर छताकडे जातो. आमच्या गाळ्याला लांबी कमी आहे, उंची भरपूर. तेव्हा उभं मशिन.

एक

डबा. मामांनी फोनवर २०२० सालच्या माँटे कार्लो रॅलीचा व्हिडिओ लावला. तो ते नव्या हेल्परला हमखास दाखवतात. ओट टॅनकची ह्युंदाई ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेगात रस्ता सोडते, हवेत जाते, झाडांमधून कोलांट्या घेत खालच्या रस्त्यावर येऊन पडते. गाडी ओळखू येत नाही. टॅनक आणि त्याचा को-ड्रायव्हर मार्टिन यार्वेओया स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

“आतलं बघ,” मामा पोराला म्हणतात, “बाहेरचं बघू नको.”

मी त्याला दुसरी गोष्ट सांगते, कारण तीही माहीत हवी. २००५ सालची वेल्समधली रॅली. मार्को मार्टिनची प्यूजो कडेनं झाडावर आदळली, आणि बाजूला बसलेल्या मायकल पार्कचे प्राण गेले. छताचा मार पिंजरा बराच सोसतो. दाराकडून येणारं झाड हा सर्वात अवघड मार, कारण तिथं माणूस आणि झाड यांच्यामध्ये जागाच कमी असते. दारातले आडवे-तिरपे पाइप नीट बसावेत म्हणून त्यांना हलका बाक द्यावा लागतो, आणि ते ३८ चे असतात. आत्ता आमच्याकडे ३८ ची डाय नाही, ते बाक आम्ही बाहेरून करून घेतो. केजचा सर्वात नाजूक भाग दुसऱ्याच्या मशिनवर, आपल्या डोळ्यांआड होतो, हे मला मुळीच पटत नाही. मशिनचे पैसे कमी पडले तर मी मशिन स्वस्तातलं घेईन, पण ३८ ची डाय सोडणार नाही.

मामांचा जेवणानंतरचा ठरलेला विषय म्हणजे वाळू. पूर्वी पाइपमध्ये सुकी वाळू ठासून, दोन्ही तोंडं बंद करून, गॅसनं लाल करून वाकवायचे. जिन्यांचे कठडे तसे होत. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं. त्या ऑफ-रोडच्या नादातले जीपवाले अजूनही विचारतात, ताई, तापवून करून देता का? नाही. एफआयएचा नियम थंड बाकाचा आहे आणि त्याला कारण आहे. कोल्ड ड्रॉन पाइपची ताकद त्या थंड ओढण्यातून आलेली असते. लाल केला की ती त्या जागी निघून जाते, आणि वरून रंग मारल्यावर कुणालाही कळत नाही. जीपलाही मी थंडच वाकवते. उलटल्यावर आत माणूसच असतो, मग ती रॅली असो की चिखल.

अडीच

इंजिनीअरिंग कॉलेजची बाहा टीम आली. इंदूरजवळच्या पिथमपूरला होणाऱ्या बाहा एसएईइंडिया या विद्यार्थ्यांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेची तयारी. पुण्याच्या आसपासच्या कॉलेजांमधून अशा टीम येतात आणि मला हा दिवसातला सर्वात आवडता तास वाटतो. ही मुलं पुढं चाकणच्या आणि होसूरच्या कारखान्यांत डिझाइनला बसणार. पाइप कसा वागतो हे त्यांनी आत्ताच हातानं बघावं.

लॅपटॉपवर चौकट छान दिसत होती. नियमाप्रमाणे मुख्य भागांना २५.४ मिमी बाहेरचा व्यास आणि ३ मिमी भिंत, किमान ०.१८ टक्के कार्बन, किंवा वाकण्याच्या कडकपणात आणि ताकदीत त्याच्या तोडीस तोड दुसरा पाइप. मुलांनी दुसरी वाट धरली होती. ४१३० चा ३१.७५ गुणिले १.६.

“मॅडम, मीटरमागे जवळजवळ अर्धा किलो वाचतो.”

खरंच वाचतो. २५.४ चा पाइप मीटरला १.६६ किलोच्या आसपास, हा १.१९. कडकपणाही जास्त येतो, कारण व्यास वाढला. त्यांचा तक्ता मी तपासला, बरोबर होता.

“मग याची डाय कुठं मिळाली?”

चौघं एकमेकांकडे बघायला लागले.

“ती तुमच्याकडे असेल ना, मॅडम?”

त्यांचा दोष नाही. पाइप निवडायच्या तक्त्यात वजन, ताकद, किंमत असे रकाने असतात, डायचा रकाना शिक्षक घालून देत नाहीत. मी त्यांना म्हटलं, पाचवा रकाना काढा. शेजारच्या दोन-तीन गावांत ज्या मापाची डाय नाही तो पाइप कागदावरच राहतो, नाहीतर कुणीतरी जवळच्या मापाच्या डायवर चेपतो. त्यातून भिंत १.६ ची. व्यास भागिले भिंत केलं तर आकडा २० येतो, आमच्या ४५ गुणिले २.५ ला १८. जसजसा हा आकडा वाढतो आणि त्रिज्या कमी होते, तसतशी आतल्या कडेला सुरकुती यायला लागते. त्रिज्या तिप्पट, म्हणजे ९५ च्या वर ठेवली तर मँड्रेलशिवाय होईल. डाय अचूक हवी मात्र, सैल चालणार नाही.

मँड्रेलचा विषय निघालाच. बाक घेताना पाइपच्या आत दांड्यावर बसवलेला गोळा राहतो आणि भिंतीला आतून आधार देतो. सायलेन्सरचे पातळ आणि घट्ट बाक त्याच्याशिवाय होत नाहीत. मुलांना वाटत होतं, मँड्रेल म्हणजे भारी आणि साधं म्हणजे कमअस्सल. तसं नाही. २.५ मिमी भिंत आणि तिप्पट त्रिज्या असेल तर चांगली रोटरी ड्रॉ डाय मँड्रेलशिवाय निर्दोष बाक देते. मँड्रेल घेतलं की दर मापाला डायबरोबर गोळाही घ्यावा लागतो, सेटिंगला वेळ जातो, आणि पाच-सहा मीटर लांब मशिनला जागा लागते. दिवसाला शेकडो एकसारखे नग काढणाऱ्याला ते परवडतं. आम्ही आठवड्याला एखादी गाडी करतो आणि दोन गाड्या एकसारख्या नसतात. जुन्या सीएनसीची ऑफर स्वस्त आहे, पण ती इथंच संपली.

मुलांना कॉलेजच्या वर्कशॉपसाठी स्वतःचं मशिन घ्यायचं होतं. त्यांना हायड्रॉलिकची गरज नाही. २५.४ गुणिले ३ ला साधारण ७०० न्यूटन-मीटर लागतात. दोन मीटरच्या दांड्यावर पस्तीस किलोचा जोर, एका मुलीला किंवा मुलाला सहज जमणारा. हाताचं मशिन, नीट बनवलेली एक डाय, आणि चौथऱ्याला चार अँकर बोल्ट. बोल्टवर मी दोनदा बोट ठेवलं. मशिन सरकलं तर दांडा सुटतो आणि तो जबड्यावर येतो. उरलेल्या पैशांत चांगली फिशमाउथ कटिंगची जुळणी घ्या, म्हटलं. बाक कितीही देखणा असला आणि जोडावर दोन पाइपांमध्ये फट असली, तर वेल्डर ती फट तारेनं भरतो, आणि तिथं ताकद नसते.

जाताना त्यांनी ठरवलं, २५.४. वजनाचा अर्धा किलो ते दुसरीकडे शोधणार आहेत.

साडेचार

शेजारच्या गाळ्यात बापूंकडे. बापू टर्नर. डाया इथं करून घेतल्या तर मशिनवाल्याच्या निम्म्यात होतील का, हे विचारायला.

“१४० त्रिज्या म्हणजे गोळा दोनशे ऐंशीचा लागणार, ताई. जाडी साठ.”

तीस किलोच्या जवळपासचा तो गोळा. ईएन८ चा. बापूंच्या लेथवर मावतो. खाच टर्न करायला त्यांनी अर्धगोल टूल आधी पत्र्याच्या टेम्पलेटवर लावून दाखवलं. खाचेची त्रिज्या साडेबावीस, वर दशांश एक मिमी मोकळीक. एवढ्यावरच सगळं आहे. अर्धा मिमी मोकळीक ठेवली की बाक अंडाकृती. मोकळीक शून्य ठेवली की बाकानंतर पाइप डायमधून निघत नाही आणि हातोडा मारावा लागतो. फॉलोअरला बापू ॲल्युमिनियम ब्राँझ सुचवतात. पोलादावर पोलाद घासलं की पाइपवर ओरखडे उठतात, आणि नियमात बाकाचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा, लाटा आणि तडे नकोत, असं स्पष्ट लिहिलंय.

बापूंचा भाव चांगला आहे. ३८ आणि २५.४ या दोन्ही डाया त्यांच्याकडे. ४५ ची आमचीच आहे, ती नव्या मशिनच्या पिनवर बसेल असं करायचं. मशिनवाल्याकडून पिनचं आणि ड्राइव्ह होलांचं ड्रॉइंग मागवावं लागेल. तो देणार नसेल तर त्याच्याकडून मशिनच घ्यायचं नाही, कारण मग उद्याची प्रत्येक डाय त्याच्याच भावानं.

साडेपाच

हूप गाडीत. दारातून तिरका आत घालायचा, छताकडे फिरवायचा, मग उभा. मामा डावीकडे, मी उजवीकडे. पायाखाली अजून प्लेट नाहीत. त्या नंतर, प्रत्येकी किमान १२० चौरस सेंटिमीटर, ३ मिमी जाड. आज फक्त बसतोय का ते बघायचं. छतापासून दोन्ही कोपऱ्यांत अंतर सारखं. उजवा पाय दोन मिमी लांब, तो कापला जाईल.

मग व्हर्नियर. प्रत्येक बाकाच्या मधोमध दोन मापं, लांब व्यास आणि आखूड व्यास. नियम सांगतो, आखूड भागिले लांब ०.९ पेक्षा कमी नको. पहिला बाक ४६.२ आणि ४३.४, म्हणजे ०.९४. दुसरा ०.९४. तिसरा ०.९३. चौथा ४६.६ आणि ४२.८, ०.९२.

चारही पास. पण उतरती भांजणी सरळ दिसतेय, आणि ती थकलेल्या हातांबरोबर सैलावत गेलेल्या फॉलोअरची आहे. नव्या मशिनला फॉलोअरचा स्क्रू लॉकनटसह हवा, हे वहीत.

सात

इथल्या मशिन बनवणाऱ्याला फोन. दिवसभराची वही समोर.

“उभं मशिन हवं. डाय फिरवणारा सिलिंडर, जॅकनं मधून रेटणारा नको. टॉर्क सांगा, टन नको.”

त्यांनी आठ टन सिलिंडर सांगितला. मी विचारलं, पिनपासून किती अंतरावर ढकलतो? शंभर मिमी. म्हणजे सरळ कोनात आठ हजार न्यूटन-मीटर. सिलिंडरचा कोन बदलत जातो तसा तो कमी होईल, तरी आमच्या दोन हजारांना पुरून उरतो, आणि घर्षणाला शिल्लक राहते. एका दमात किती अंश? तीस. मग पिन बदलून पुन्हा. चालेल, पण पिन बदलताना डाय परत फिरू नये म्हणून खटका हवा. तो आहे म्हणाले. दोन बाकांमध्ये किमान सरळ भाग किती लागतो? हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. क्लॅम्पची लांबी मोजून ते सांगणार आहेत. आमच्या हूपच्या खालच्या आणि वरच्या बाकांमध्ये जागा भरपूर आहे, दाराच्या पाइपांत नाही.

पिनचं ड्रॉइंग द्यायला ते तयार झाले. थोडे नाखूश होते, पण तयार झाले.

अट एकच ठेवली. निम्मे पैसे आगाऊ. उरलेले, आमचा ४५ चा एक आणि ३८ चा एक पाइप त्यांच्या गाळ्यात, माझ्या आणि मामांच्या समोर काटकोनात वाकवल्यावर. आखूड-लांब व्यासांचं गुणोत्तर ०.९३ च्या खाली गेलं तर फॉलोअर परत करायचा. आतल्या कडेला नख अडकेल अशी लाट दिसली तर डायची खाच तपासायची. शेवटी बाकाच्या मधोमध पाइप हॅकसॉनं कापायचा आणि बाहेरची भिंत मोजायची. ते म्हणाले, आमचं गिऱ्हाईक पाइप कापून बघत नाही. मी म्हटलं, सोमवारी अकराला येतो, हॅकसॉ आम्ही आणू.